पापे पदरी घेताना

आमच्या ख्रिस्ती मंडळीची मराठी उपासना कोपरखैरण्यातल्या एका शाळेच्या सभागृहात भरते. पहिले गीत झाले, स्तोत्राचे वाचन झाले, की पाळकसाहेब म्हणतात, ‘आता आपण शांतपणे आपापली पापे देवापुढे पदरी घेऊ या,’ म्हणजे कबूल करू या, आणि मग पंख्यांचा आणि बाहेरच्या रिक्षांचा एवढाच आवाज उरतो. ही शांतता फार तर अर्ध्या मिनिटाची असते. तेवढ्यात कोण काय आठवत असेल याचे मला वर्षानुवर्षे कुतूहल वाटत आले आहे, आणि दुसऱ्याच्या मनात डोकावण्याचे हे कुतूहल नेमके त्या अर्ध्या मिनिटात शोभणारे नाही, हेही मला ठाऊक आहे. त्यानंतर सगळे मिळून जी कबुलीची प्रार्थना म्हणतात ती मात्र अनेकवचनी असते: आम्ही चुकलो, आम्ही भटकलो, जे करायला हवे होते ते आम्ही केले नाही. अनेकवचनात मोठी सोय असते. शंभर माणसे एका सुरात ‘आम्ही पापी आहोत’ म्हणतात तेव्हा त्यांतले एकही माणूस विशेष पापी वाटत नाही.

मराठी माणसाच्या तर ही भाषा पूर्वीपासून जिभेवर आहे. संतांनी स्वतःला पतित, पामर, अपराधी म्हणवून घेतले; पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तावर अभंग रचले तेव्हा तो सगळा लीन सूर आमच्याही उपासनेत आला. त्याबद्दल मी कृतज्ञच आहे. पण संतांना ते शब्द ज्या किमतीला पडले होते त्या किमतीला ते आम्हांला पडलेले नाहीत. ‘मी महापापी आहे’ असे म्हणायला काहीच लागत नाही. ‘मंगळवारी दुपारी जाऊबाईंविषयी मी जे बोलले त्यातले निम्मे खोटे होते’ असे म्हणायला मात्र घसा कोरडा पडतो. माझी नोकरी हिशेबाच्या खात्यातली असल्यामुळे मला या सामान्य कबुलीकडे पाहिले की सस्पेन्स खाते आठवते. ज्या रकमेचे मूळ शोधायला वेळ नसतो किंवा शोधण्याची इच्छा नसते, ती रक्कम तात्पुरती त्या खात्यात टाकतात. ताळेबंद जुळल्यासारखा दिसतो, आणि ‘तात्पुरती’ टाकलेली रक्कम वर्षानुवर्षे तिथेच राहते.

यावर कोणी म्हणेल की लूकच्या शुभवर्तमानातल्या जकातदाराने तरी कुठे तपशील दिला होता? ‘हे देवा, मज पाप्यावर दया कर,’ एवढेच तो म्हणाला, आणि तोच नीतिमान ठरून घरी गेला. हा आक्षेप मला योग्य वाटतो. पण त्याच दाखल्यात तपशील देणारा दुसरा माणूस उभा आहे, आणि त्याने दिलेला तपशील पाहण्यासारखा आहे. परूशी, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणाऱ्या पंथातला माणूस, आपले आठवड्यातले दोन उपास सांगतो, सगळ्या मिळकतीचा देवाला दिलेला दशांश सांगतो, आणि इतर माणसांचे दोष तर नावनिशीवार सांगतो. म्हणजे आपल्या पुण्याची आणि दुसऱ्याच्या पापाची नोंद त्याच्याजवळ बारीकसारीक आहे. स्वतःच्या पापाच्या रकान्यात मात्र एकही ओळ नाही. शिवाय जकातदाराची कबुली अपुरी वाटणाऱ्याने पुढचाच अध्याय वाचावा. तिथे जक्कय नावाचा दुसरा जकातदार उभा राहून आकडे सांगतो: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडले असेल त्याला चौपट परत. मला वाटते, पहिल्या जकातदाराची प्रार्थना जिथे संपते तिथून दुसऱ्याचा हिशेब सुरू होतो.

शेजारच्या फ्लॅटमधल्या काकू मूळच्या वसईच्या, कॅथलिक. त्या महिन्यातून एकदा कन्फेशनला, म्हणजे धर्मगुरूजवळ पापांची कबुली द्यायला, जातात. त्यांच्या चर्चमध्ये गंभीर पापांची कबुली वर्षातून निदान एकदा दिलीच पाहिजे, हा नियम १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेपासूनचा आहे. रोजच्या लहानसहान दोषांची कबुली बंधनकारक नाही, परंतु ती द्यावी असा आग्रह मात्र आहे. आम्ही प्रॉटेस्टंट घरात वाढलो. देवापुढे थेट उभे राहता येते, मध्ये कोणी लागत नाही, हे आम्हांला लहानपणापासून अभिमानाने शिकवले गेले आणि ते मला आजही खरे वाटते. तरीही या स्वातंत्र्यात आमची एक गोष्ट हरवली आहे असे मी काकूंकडे पाहून म्हणते. त्यांना महिन्यातून एकदा तरी आपल्या पापाचे नाव तोंडाने उच्चारावे लागते आणि ते दुसऱ्या माणसाच्या कानावर पडते. आम्ही मनातल्या मनात बोलतो, आणि मन मोठे सौम्य न्यायाधीश असते. याकोबाच्या पत्रात तर ‘आपली पापे एकमेकांजवळ कबूल करा’ असे स्पष्ट लिहिले आहे. ते वचन आमच्या बायबल अभ्यासात आले की सगळे माना डोलावतात आणि लगेच पुढचे वचन वाचायला घेतात.

लहान पापांविषयी संत ऑगस्टीन यांनी सोळाशे वर्षांपूर्वीच्या एका प्रवचनात इशारा दिला आहे, त्याचा आशय असा: वजन करताना ही पापे हलकी वाटली, तरी मोजायला घेतलीत तर थरकाप होईल. मोजायला कुठून सुरुवात करावी हाच प्रश्न आहे, कारण खून, चोरी, व्यभिचार यांना जशी ठसठशीत नावे आहेत तशी आमच्या रोजच्या पापांना नाहीत. ठाण्याहून वाशीकडे येणाऱ्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथ्या सीटसाठी कोणी उभे आहे हे दिसताच डोळे मिटून झोपेचे सोंग घेणे, याला काय म्हणावे? घरकामाच्या बाईंनी मुलाच्या तापामुळे दोन दिवस खाडा केला तर त्याचे पैसे कापायचे, आणि आपण स्वतः आजारपणाची भरपगारी रजा घ्यायची, याला काय म्हणावे? आम्हां विश्वासणाऱ्यांची म्हणून खास अशी पापाची एक जात आहे, ती तर मला सर्वांत अवघड वाटते: ‘प्रार्थनेत आठवण ठेवा म्हणून सांगते हं,’ अशी प्रस्तावना करून अमक्याच्या मुलीचे लग्न का मोडले ते सविस्तर सांगायचे. निंदेला प्रार्थनेचे पांघरूण मिळाले की ऐकणाऱ्यालाही अडवता येत नाही. अडवणारा अधार्मिक ठरतो.

ऑफिसात दरवर्षी जानेवारीच्या सुमारास कर्मचाऱ्यांकडून करसवलतीचे पुरावे मागवले जातात. अशा पुराव्यांच्या गठ्ठ्यांत घरभाड्याच्या पावत्या असतात आणि त्यांतल्या काही खोट्या आहेत हे पाहताक्षणी कळते. बारा महिन्यांच्या बारा पावत्या एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेल्या. रेव्हेन्यू स्टॅम्प एकाच पट्टीतून फाडलेले. घरमालक म्हणून सासऱ्यांची सही, आणि त्या सासऱ्यांना या भाड्याचा पत्ताही नसतो. हे करणारी माणसे वाईट नसतात. ती मुलांना वेळ देतात, आईवडिलांना सांभाळतात, रविवारी उपासनेला येतात, दानपेटीत पाकीट टाकतात. विचारले तर एकच उत्तर येते: सगळेच करतात. मी पूर्वी समजत होते की अशा वेळी देवाच्या जागी पैसा येऊन बसतो. आता तसे वाटत नाही. वाचणारी रक्कम अनेकदा इतकी मोठीही नसते. त्या क्षणी पहिल्या जागेवर येऊन बसतात ते ‘सगळे’. आपण एकटेच कर भरत राहिलो तर आपण मूर्ख ठरू, ही भीती माणसाला देवाच्या भयापेक्षा जवळची वाटते.

‘माझ्याखेरीज तुला अन्य देव नसावेत’ ही पहिली आज्ञा आम्ही रविवारच्या शाळेत पाठ केली तेव्हा तिचा संबंध फक्त मूर्तींशी आहे अशी आमची समजूत होती, आणि सभोवतालच्या मराठी समाजात अल्पसंख्य म्हणून वाढताना त्या समजुतीला एक उगीचच्या वेगळेपणाची धार आली होती. शेजाऱ्यांच्या गणपतीकडे पाहून ही आज्ञा आपण पाळतोच असे मानणे फार सोपे होते. प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणारे मार्टिन लूथर यांनी या आज्ञेचे स्पष्टीकरण करताना म्हटले आहे की ज्यावर तुझे हृदय विसंबते तोच खरोखर तुझा देव. ही कसोटी लावली तर शेजाऱ्याच्या घरात पाहायची गरजच उरत नाही. ऑगस्टीन यांचीही मांडणी याच दिशेने जाते: पाप म्हणजे बहुतेक वेळा वाईट वस्तूवरचे प्रेम नसते, चांगल्या वस्तूवरचे पण क्रम बिघडलेले प्रेम असते. मुलाचे दहावीचे वर्ष ही चांगली गोष्ट आहे. घर चांगली गोष्ट आहे. समाजात मान असणे हीदेखील वाईट गोष्ट नाही. यांतली प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी शोभते, आणि एक जागा वर सरकली की तिच्यासाठी खोटे बोलावे लागते.

म्हणून देवाला पहिले स्थान देणे ही गोष्ट वेळापत्रकाची आहे असे मला वाटेनासे झाले आहे. सकाळी उठल्यावर मोबाइलला हात लावण्याआधी शास्त्रवाचन करावे, पगार झाला की दशांश आधी बाजूला काढावा, रविवारची सकाळ राखून ठेवावी, या सवयी चांगल्या आहेत आणि त्या मोडल्या की मनही विसकटते, हे मी नाकारत नाही. (दशांश हातात येणाऱ्या पगारावर काढायचा की कपातींआधीच्या पगारावर, यावर आमच्या मंडळीत झालेल्या चर्चा ऐकल्या तर परूशीही खूश झाला असता.) पण पहिला तास देवाला दिल्यावर उरलेले तेवीस तास आपले, अशी वाटणी मनात पक्की होते. दोन गोष्टी समोरासमोर येऊन आदळतात आणि एकीला वाट द्यावीच लागते तेव्हाच कळते की पहिली कोण. आणि अशी टक्कर उपासनेत क्वचित होते; ती ऑफिसात, स्वयंपाकघरात, सोसायटीच्या सभेत होते, आणि आपण कोणाला वाट दिली याची नोंद म्हणजेच ती लहानसहान पापे. त्यांची नावे घेतल्याशिवाय आपण पहिली आज्ञा पाळतो की नाही हे कळायला दुसरा मार्ग नाही.

‘देव पहिला’ हेच वाक्य पापाचे साधन होऊ शकते, हे येशूच्या नजरेतून सुटले नव्हते. मार्कच्या सातव्या अध्यायात तो शास्त्री-परूश्यांना ‘कुर्बान’च्या चालीवरून धारेवर धरतो: आईवडिलांना ज्याचा उपयोग व्हायचा ते देवाला अर्पण केले आहे असे मुलाने एकदा जाहीर केले की त्याला त्यांच्यासाठी काही करावे लागत नसे, आणि वर ते धर्माचरण ठरत असे. हा उतारा वाचताना मला आमच्यातल्याच काही घरांची आठवण येते. रोज संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या प्रार्थनासभेला जाणारी, उपासतापास करणारी माणसे आणि त्यांच्या घरी अंथरुणावर पडून, कोणीतरी दोन शब्द बोलेल म्हणून वाट पाहणाऱ्या सासूबाई. डोंगरावरच्या प्रवचनात तर येशू याहून पुढे जातो. तू वेदीजवळ दान आणले असताना तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर, मग येऊन दान दे. देव स्वतःच म्हणतो की आधी तिकडे जा. त्याला पहिले स्थान द्यायचे तर कधी कधी त्याच्यापुढून उठावे लागते.

ठाण्यात राहणाऱ्या ख्रिस्ती माणसाला देवाला पहिले स्थान देण्याची मोठी गोष्ट दूर शोधावी लागत नाही. १३२१ साली तोलेन्तिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे देमेत्रियस हे फ्रान्सिस्कन संघातले चार संन्यासी चीनच्या वाटेवर असताना ठाण्याला उतरले आणि एप्रिल महिन्यात इथेच मारले गेले. त्यांचा सोबती जॉर्डनस याने त्यांचे देह सोपाऱ्याला पुरले, आणि काही वर्षांनी ओडोरिक नावाचा प्रवासी त्यांच्या अस्थी चीनपर्यंत घेऊन गेला. ओडोरिकनेच लिहून ठेवल्यामुळे या प्रकरणाची सुरुवात कशी झाली ते आपल्याला कळते, आणि माझे लक्ष हुतात्म्यांइतकेच त्या सुरुवातीपाशी रेंगाळते. ठाण्यात तेव्हा नेस्टोरियन या पूर्वेकडच्या जुन्या पंथातल्या ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे होती. त्यांतल्या एका घरात हे पाहुणे उतरले होते. त्या घरात नवराबायकोचे भांडण झाले, नवऱ्याने बायकोला मारले, आणि ती दाद मागायला काजीकडे गेली. पुरावा काय, असे विचारल्यावर तिने सांगितले की घरी चार परदेशी धर्मगुरू आहेत, त्यांनी पाहिले आहे. अशा रीतीने त्यांतले तिघे दरबारात पोहोचले (पीटर सामान राखायला घरीच थांबले होते), तिथे प्रश्न त्यांच्या श्रद्धेकडे वळला, आणि पुढे जे व्हायचे ते झाले.

एका ख्रिस्ती घरातल्या रोजच्या पापाने या गोष्टीचे दार उघडले. चौघांची नावे चर्चने जपली. त्या बाईची फिर्याद मात्र कथेत मागेच राहून गेली, तिला न्याय मिळाला की नाही याची चौकशी कोणी केली नाही. आणि तो नवरा? आपल्या हाताने घडलेल्या गोष्टीची चार माणसांनी केवढी किंमत दिली हे पाहिल्यावर तो काय म्हणाला असेल? ‘देवाची इच्छा’ असे म्हणून मोकळा झाला असेल, की त्याने बायकोपुढे एकदा तरी मान खाली घातली असेल? आमच्यापैकी बहुतेकांची जागा या गोष्टीत हुतात्म्यांच्या रांगेत नसून या नवऱ्याच्या शेजारी आहे असे मला वाटते. श्रद्धेसाठी जीव देतेस का, असे मला कोपरखैरण्यात कोणी विचारणार नाही. संध्याकाळी दमून घरी आल्यावर मी कोणावर आवाज चढवते, हे मात्र रोज विचारले जाते.

एवढे लिहिल्यावर उलट बाजूची भीतीही सांगितली पाहिजे. पापाचा तपशील शोधायला लागलेला माणूस कधी कधी त्या शोधातच अडकतो. तरुण लूथर मठात असताना तासन्‌तास कन्फेशन देत असे, बाहेर पडला की आणखी काही आठवून परत जात असे, इतका की त्याचे ऐकणारे वरिष्ठ श्टाउपिट्झ कंटाळून जात. स्वतःच्या दोषांकडे सतत पाहत राहणे हीदेखील स्वतःला पहिल्या जागेवर बसवण्याचीच रीत आहे, फक्त तिचा चेहरा रडका असतो. यावरचा उतारा मला येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी घालून दिलेल्या आत्मपरीक्षणाच्या क्रमात दिसतो. त्यात सुरुवात आरोपाने होत नाही, मिळालेल्या गोष्टींबद्दल उपकार मानण्याने होते. मग प्रकाश मागायचा, मग दिवस तास-तास आठवायचा, मग क्षमा मागायची आणि उद्यासाठी निश्चय करायचा. मी हे परतीच्या लोकलमध्ये करते. ऑफिस सोडून घरी पोहोचेपर्यंत वेळ थोडा असतो, म्हणून आठवते तेवढेच घेते. आणि जे आठवत नाही त्याचीही सोय स्तोत्रकर्त्याने करून ठेवली आहे: आपल्या चुका कोणाला उमगतात, माझ्या गुप्त दोषांपासून मला मुक्त कर, असे एकोणिसाव्या स्तोत्रात तो म्हणतो. योहानाच्या पहिल्या पत्रातले वचनही पाप सापडण्यावर थांबत नाही. आपण पापे पदरी घेतली तर क्षमा करणारा विश्वसनीय आणि न्यायी आहे, असे ते म्हणते. त्या वचनाचा भार आमच्या स्मरणशक्तीवर नाही, त्याच्या विश्वसनीयतेवर आहे.

क्षमा मिळाली म्हणून देणे फिटत नाही, हे मात्र आमच्या प्रवचनांत फारसे ऐकू येत नाही. घरकामाच्या बाईंचे कापलेले पैसे देवाने माफ केले असतील. ते त्यांना परत मिळालेले नाहीत. जुन्या करारातल्या लेवीयच्या पुस्तकात मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत, आपल्याजवळ ठेवू नको असे सांगितले आहे, आणि गणनाच्या पाचव्या अध्यायात तर कबुली आणि भरपाई एकाच श्वासात येतात: ज्याने अपराध केला त्याने पाप कबूल करावे, घेतले ते पुरते परत करावे आणि त्यात पाचवा हिस्सा अधिक घालून ज्याचे नुकसान झाले त्याला द्यावे. तो माणूस वारला असेल आणि घ्यायला जवळचा नातलगही नसेल, तर रक्कम याजकाकडे जाते. ती अपराध्याच्या घरी राहत नाही.

हा अध्याय आम्ही घणसोलीला एका घरी भरलेल्या बायबल अभ्यासात वाचला. पाचवा हिस्सा ही अट फार कडक आहे असे एका काकांचे म्हणणे पडले, आणि सरकारला फसवले असेल तर ते कोणाला आणि कसे परत करायचे, हा प्रश्नही त्यांनीच काढला. तो विनोद म्हणून काढला होता, आणि आम्ही हसलोही. करसल्लागाराकडे काम करणारा एक तरुण कोपऱ्यात बसला होता. तो गंभीरपणे म्हणाला की त्याची सोय २०२२ पासून कायद्यातच आहे: अद्ययावत विवरणपत्र भरता येते, आणि ते पहिल्या बारा महिन्यांत भरले तर राहिलेला कर आणि व्याज मिळून होणाऱ्या रकमेवर आणखी २५ टक्के द्यावे लागतात. म्हणजे मोशेने पाचवा हिस्सा सांगितला, आयकर खात्याने चौथा, असे कोणीतरी म्हणाले आणि पुन्हा हशा पिकला. नंतर चहा फिरत असताना तिघांनी वेगवेगळे त्याच्याजवळ जाऊन, ही मुदत कुठल्या वर्षापासून धरायची, अशी हळू आवाजात चौकशी केली.